विरजण

थोरली फालक्या बाजारात, धाकटी जनकगंजात.
मधली वाट माझी.
मी हरणी, दोन्ही घरची भांडी घासणारी.

पत्रिका थोरलीची गेली होती,
हळद लागली धाकटीला.
एवढंच. बाकी सगळी त्यावर धरलेली साय.

आई गेली तेव्हा सगुणाबाईंनी दोनच गोष्टी उचलल्या:
सात मोत्यांची नथ
आणि विरजणाचा सट.
पाच पिढ्यांचं दही ते, लष्कर वसायच्या आधीचं,
दख्खनेतून उंटावर, ओल्या फडक्यात बांधून आलेलं.

बनाबाई एकदाच मागायला आल्या, वाटी पदराखाली धरून.
थोरली म्हणाली, "दिवे लागलेत. आता विरजण देत नाहीत."
बाहेर ऊन होतं. किल्ल्याचा दगड अजून फुफाटत होता.
मी देवघरात डोकावले,
समई खरंच पेटलेली होती.

तेव्हापासून जनकगंजात दही लागेना.
शेजारचं विरजण घाला, चिंच घाला, मिरचीचे देठ घाला,
सकाळी दूध तसंच,
निळसर, डोळे उघडे ठेवून पडलेलं.
लोक म्हणाले, करणी.
बनाबाईंनी उंबऱ्यात खिळा ठोकला,
फणीतला गुंता जाळू लागल्या,
दिवस राहिनात, तेव्हाही त्यांनी
पातेल्याकडेच बोट केलं.

करणी कसली!
चिमूटभर पापडखार,
रोज रात्री, माझ्या नखातून.
वर्षाला एक मोती.

सातव्या वर्षी गाठीच्या तापात सगुणाबाई गेल्या.
नाकात नुसती तार.
तिरडी उचलली तशी मी
खाराची पुडी सोनरेखेत सोडली.

त्याच रात्री जनकगंजात दही लागलं.
घट्ट, कवडीसारखं.
विरजण कुणी घातलं नव्हतं.
वर मधोमध एका बोटाचा खळगा,
थोरली चव बघायची तसा.

बनाबाई काही बोलल्या नाहीत.
खळगा राखून कडेकडेनं घेतात,
रोज.
उरलेला घास वाटीत ठेवून दाराकडे बघतात,
विचारतात, "आंबट झालंय का गं?"
आणि थांबतात,
उत्तराला लागतो तेवढा वेळ.

माझे मोती तांदळात आहेत, चिंधीत बांधलेले.
काल दूध तापेपर्यंत हात रिकामा होता
म्हणून मोजले.
आठ भरले.

आठवा कशाबद्दल,
ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.