एक फूट बाय एक फूट

भिंत दहा फूट हवी, यावर एकमत झालं
सात मिनिटांत. इतक्या लवकर आमच्या सोसायटीत
लिफ्टच्या वंगणावरही झालेलं नाही.
मग खांबेटेबाई उठल्या.
सूसच्या टेकडीवरून ओढ्याला उतरायची वाट
आपल्या पार्किंगमधून जाते, म्हणाल्या,
सशांची, मुंगसांची, एका कोल्हीची.
आपल्याआधीची आहे ती.
फोटो आणला होता: कोल्ही थबकलेली,
एक पाय उचललेला, कॅमेऱ्याच्या उजेडात
डोळे म्हणजे दोन नवी नाणी.

ठिगळे म्हणाले, वाट ठेवली की सगळेच येणार.
सगळेच म्हणजे कोण, कुणी विचारलं नाही.
सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं,
पलीकडच्या साइटवरच्या निळ्या पत्र्यांकडे.
त्यांचे कागद कुणी तपासलेत का?
रात्री बागेतलं पाणी कमी होतं, ते कसं?

मी मनात मोजत होतो
(सवय; पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन).
ठिगळे बार्शीचे, खांबेटेबाई चिपळूणच्या,
अध्यक्ष अकोल्याचे, मी मिरजेहून
एका वळकटीनिशी, एकाहत्तरच्या जूनमध्ये.
स्टेशनवर मला फक्त तिकीट विचारलं होतं.
मूळची इथली अशी एकटी टिटवी,
ती बाहेर ओरडत होती,
आणि तिला गणपूर्तीत धरत नाहीत.

तोडगा शेवटी माझ्याकडे आला.
जनावर जाईल, माणूस जाणार नाही
असं भोक काढा.
काढलं. एक फूट बाय एक फूट, जमिनीलगत,
कडा गोल, कोल्हीचं अंग खरचटू नये म्हणून.
आयुष्यभर कालव्यांच्या मोऱ्या काढल्या,
कुणाचं अंग खरचटेल
हा विचार पहिल्यांदाच केला.
बाईंचे डोळे भरून आले. ठरावाला टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या.

भिंत बांधली मालद्याच्या तफज्जुलनं,
ओळंबा सोडून, एक डोळा मिटून.
भोकाशी आला तेव्हा नकाशा फिरवून फिरवून पाहिला.
पावसाच्या पाण्यासाठी का, साहेब?
म्हटलं, कोल्हीसाठी.
हसला नाही. म्हणाला, आमचं घर जिथं होतं
तिथं आता नदी आहे. तिला कुणी माप दिलं नव्हतं.
मग थापीनं कड गुळगुळीत करत बसला,
मी काढली होती त्याहून जास्त.

आता कॅमेरा माझ्याकडे असतो.
बाई लेकीकडे गेल्यात, व्हिसा सहा महिन्यांचा.
सकाळी चहाबरोबर मी रात्र पाहतो:
मुंगूस. ससा. नुसताच वारा. उदमांजर.
कोल्ही भोकापर्यंत येते,
नव्या सिमेंटचा वास घेते, वळते.

आणि मंगळवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी,
आधी एक रिकामी बाटली, ढकललेली,
मग दुसरी, मग हात, मग वेणी,
मग अख्खी टुम्पा, तफज्जुलची, सहा वर्षांची,
कुठंही न खरचटता.
बागेतल्या नळाशी चार मिनिटं. परत.
भरलेल्या बाटल्या आधी, त्यांच्यामागून ती,
आणि जाता जाता एकदा वळून पाहिलेलं,
दोन नवी नाणी.

दर महिन्याला अध्यक्षांना तक्ता द्यायचा असतो.
प्राणी, वेळ, दिशा.
वेळ भरली. दिशाही भरली.
पहिल्या रकान्यात कोल्ही लिहिलं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, पुन्हा रबर घेतला.
तिथं कागद इतका पातळ झालाय
की खालच्या टेबलाच्या रेषा दिसतात.