रुमालाखालची बोटं

चौतीस वर्षं हळदीच्या सौद्यात काढली.
भाव तोंडानं बोलायचा नाही.
रुमाल पसरायचा, खाली हात घालायचा
आणि समोरच्याच्या पंज्यात बोटं दाबून सांगायचं
काय ते.
शेजारी उभ्या व्यापाऱ्याला पत्ता नसायचा.
तोंडं सगळ्यांची सारखीच, आरतीला उभी असल्यासारखी;
बोटं मात्र ज्याची त्याची.

हे आठवलं
कारण आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मीटिंग झाली.
विश्रामबाग, चौदा बिऱ्हाडं, विषय एकच:
चौगुल्यांचा रिकामा फ्लॅट
रेशमा काळेला भाड्यानं द्यायचा का.
मिरजेच्या दवाखान्यात नर्स. बहुतेक रात्रपाळी.
आगाऊ रक्कम पाकिटात घालून आणली होती,
पाकिटावर नाव, टपोऱ्या अक्षरात.
आडनावाचं काही नव्हतं, काळे सगळ्यांत असतात.
पण कुणी तरी गाव विचारलं,
मग गावाच्या कुठल्या अंगाला, ते विचारलं.
ती म्हणाली, सरळ, पारधी वस्ती.
आणि रिक्षा थांबलीय म्हणून गेली.

मगदूम सर माणूस वाईट नाही.
"माझं काही नाही हो," म्हणाले,
"पण सगळ्यांचा विचार करायला लागतो."
हे सगळे कोण, कुठल्या मजल्यावर राहतात,
कुणी विचारलं नाही.
बिरनाळे वहिनींना हरवलेली बादली आठवली.
आरवाड्यांना मेहुण्याच्या गावातली चोरी,
जी मेहुण्यानंही पेपरातच वाचली होती.
मग पेवच फुटलं.
बादली प्लास्टिकची होती,
तिसऱ्या सांगण्याला तांब्याची झाली.

"हरकत असेल त्यांनी हात वर करा."
पहिला हात कुणाचा, मला दिसला नाही.
दुसरा दिसला.
मी मोजत होतो, जुनी खोड.
पाच. सहा. आठ.
नववा मोजायला मान वळवली तर
तो माझ्याच खांद्यातून निघालेला.
घड्याळावरून ओळखला.

त्यानंतरच्या दिवसांत
जिन्यात, दुधाच्या गाडीपाशी, गच्चीवर पापड राखताना
एकेक जण आपणहून बोलला, हळू आवाजात.
वहिनी म्हणाल्या, मला चालली असती की,
रात्री-अपरात्री सुई टोचायला घरातलंच माणूस.
मगदूम सर म्हणाले, मला वाटलं तुम्हा लोकांना चालणार नाही.
आरवाडे चप्पल घालता घालता म्हणाले,
तुम्ही जुने जाणते. तुमचा हात बघून मी केला.

अकरा जण झाले असे.
चौदांतले अकरा.
उरले तीन, त्यात मी.

हरिपूरला आमच्या पेढीची पेवं होती.
तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नाही,
दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर वर ओढून बसून राहायचं, बिड्या ओढत.
खाली वाईट काही नसायचं, हळदच असायची, सोन्यासारखी.
हवा तेवढी, कुणी न घेतलेली.
एकदा एक गडी घाईनं उतरला.
त्याला काढायला दुसरा उतरला.
वरून तिसरा निघाला होता,
त्याचं धोतर मी धरलं.
तेव्हा धरता आलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो.

परवा चक्कर आली म्हणून मुलानं मिरजेला नेलं.
पडदा सारून तीच आली.
ओळखलं की नाही, कळलं नाही.
फ्लॅट मिळाला का कुठं, विचारायचं होतं.
दंडाला कापडाचा पट्टा गुंडाळला,
माझा पंजा उलटा करून आपल्या हातावर घेतला,
म्हणाली, मूठ सोडा काका, सैल.
पट्टा फुगत गेला.
माझी बोटं आपोआप वळली तिच्या तळव्यात,
एक दाबलं, दुसरं दाबलं,
पुरा भाव सांगणार होतो, अडत न कापता.
तोंडही उघडलं होतं.

"बोलू नका," ती म्हणाली,
काट्यावरची नजर न काढता.
"बोललं की आकडा चुकतो."