बाराव्या मिनिटाला

बाराव्या मिनिटाला मुंग्या येतात.
आधी उजव्या करंगळीत, मग शेजारच्या बोटात,
मग चवड्याखाली त्यांचं वारूळच.
डावा पाय जरा उशिरा, नेहमीसारखा.

केमीच्या नगरपालिकेच्या व्यायामशाळेत
हे यंत्र खिडकीशी ठेवलंय.
समोर गोठलेला समुद्र, दुपारी दोनलाच काळपट निळा,
आणि धक्क्याला टेकलेलं बर्फ फोडणारं जहाज,
ज्याला या आठवड्यात काम नाही.
मी त्याच्याकडे चालत जाते,
दर मंगळवारी आणि शुक्रवारी, अर्धा तास.
पोचत नाही.

एकतीस वर्षं या गावात टपाल वाटलं मी,
उणे तिसातसुद्धा, बुटांखाली खिळ्यांची पट्टी बांधून.
टाचा फुटल्या, एक नख गेलं ते गेलंच,
लुओमांच्या कुत्र्याने दोनदा पोटरी धरली.
पण बधिर? कधीच नाही.
फाटक, पायरी, पेटी, पुन्हा रस्ता.
प्रत्येक पावलाला आपापली जमीन होती.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात
घसरले ती स्वतःच्या दारात.
डॉक्टर म्हणाली, गुडघ्याला धक्का नको,
आता चालायचं ते यावर,
यात पाऊल पडतच नाही, किती छान.

पडत नाही, खरंय.
पण उचललंही जात नाही.
पाय त्या काळ्या पट्टीवर ठेवायचा
आणि तिथेच राहू द्यायचा,
गोल गोल, लांबट गोल,
जणू कुणी तळवा हातात धरलाय
आणि सोडायचं विसरलंय.

शेजारच्या सायकलवर तैस्तो असतो,
कागद गिरणी बंद पडली तेव्हापासून.
तो म्हणतो, माझे पाय नाही होत बधिर, रौहा,
मीच होतो.
आणि स्वतःच हसतो, घाम पुसत.

काल ओन्नी आला. तेवीस वर्षांचा, कानात बाळी.
म्हणाला, नाडी सैल करा. टाच टेकवा.
बुटात बोटं हलवत राहा. मध्येच उलटं चालवून बघा.
उलटं चालवलं.
आता तरी जहाज लांब जायला हवं होतं.
तेही नाही.

मग तो गुडघ्यावर बसला
आणि माझ्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं,
दुकानात लहान मुलांचं बघतात तसं.
नंबर काय?
अडतीस.
कधीपासून?
मी गप्प. जन्मतारीख कधीपासून, असं कुणी विचारतं का?
त्याने कुठूनशी लाकडी मोजपट्टी आणली.
मोज्यातला पाय तिच्यावर ठेवताना उगाच लाज वाटली,
मोजा टाचेला विरला होता.
चाळीस, तो म्हणाला. दोन्ही.
वय वाढतं तसे पाय पसरतात म्हणे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ऐकून होते.
पाय कधी पसरले ते मात्र कळलंच नाही,
आणि अंथरूण मी तेच ठेवलं.
अंगठी मी साबण लावून काढली होती,
त्याला चौदा वर्षं झाली.
पायांना कुणी विचारलं नव्हतं.

आज शुक्रवार. नवे बूट, चाळीस नंबर,
भडक केशरी, कारण या मापात तेवढेच उरले होते.
तैस्तो म्हणाला, आगीचा बंब आला.
बारावं मिनिट गेलं. तेरावं.
बोटं आत एकमेकांपासून सुटी,
थोडी बावरलेली,
रिकाम्या खोलीत पाहुणे उभे राहतात तशी.

सोळाव्याला आल्या. दोन-तीनच.
मी उतरले, पाय आपटला,
एकदा, मग दुसऱ्यांदा, जरा जोरात.
आवाज झाला. जमीन होती.

वर पाहिलं तेव्हा जहाज गेलेलं.
ते जिथे होतं तिथे बर्फात
काळं, हलतं पाणी,
बरोबर त्याच्या मापाचं.