आकस

शिरोलीच्या फौंड्रीत मी पॅटर्न करतो, सव्वीस वर्षं झाली.
आमची पट्टी वेगळी असते.
तिच्यावर लिहिलेलं असतं एक मीटर
आणि ती भरते दहा मिलिमीटर जास्त.
बीड थंड होताना आकसतं,
म्हणून पॅटर्न मोठाच ठेवायचा.
शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी एवढंच सांगतो.

घर घेताना मात्र
बाजारातली पट्टी लावली.
ओव्हरटाइम धरला, दिवाळीचा बोनस धरला,
वैजयंताच्या फॉल-पिकोचे पैसेसुद्धा धरले.
आकसायला जागा ठेवली नाही कुठं.

आता भट्टी आठवड्यातनं तीन दिवस पेटते.
ट्रॅक्टरची हौसिंगं आवारात रचून ठेवलीत,
त्यांच्यावर तांबूस गंज धरलाय, मांजर पिल्लं घालून गेलं.
आणि बँकेचा मेसेज येतो: व्याजदर बदलला आहे,
हप्ता तोच राहील, मुदत वाढेल.
एका मेसेजात
मी सदुसष्ट वर्षांचा झालो.

पार्श्वनाथ मगदूम म्हणाला, दुसऱ्या बँकेत ने की कर्ज,
सव्वा टक्क्यानं कमी हाय तिथं.
गेलो राजारामपुरीला.
बाई चांगल्या होत्या, पाणी दिलं.
तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा
एकीखाली एक ठेवून बघत राहिल्या,
तडा गेलेला जॉब मी बघतो तशा.
तडा कशानं गेला ते नंतर.
आधी ठरवायचं, ठेवायचा की भंगारात.

गुंठेवारीचा दाखला. सिटी सर्व्हेचा उतारा.
घरफाळ्याची पावती.
मूळ खरेदीपत्र जुन्या बँकेत,
ते जुनी बँक दाखवणार नव्या बँकेला,
पण नव्या बँकेनं आधी पत्र दिलं तर.

मग मूल्यांकनवाला आला. चप्पल बाहेर काढून आला.
लेझरचा तांबडा ठिपका
फुलेवाडीच्या आमच्या भिंतींवरनं फिरला
आणि हॉलमध्ये एका जागी थांबला.
दोनदा रंग दिला तरी तिथनं ओल उमटते,
कमरेइतक्या उंचीवर, सरळ,
पंचगंगेनं मारलेली रेघ.
मी म्हटलं, निळ्या रेषेच्या बाहेर आहे साहेब, नकाशा बघा.
तो म्हणाला, नकाशात नाहीच.
पुढं बोलला नाही. चहा मात्र घेतला.

बेचाळीसचं घर तेहेतीसला उतरलं.
नवी बँक देणार त्याच्या पाऊण.
जुनीचे राहिलेत सत्तावीस लाख चाळीस हजार.
म्हणजे हप्ता कमी व्हावा म्हणून
आधी पावणेतीन लाख घेऊन या.
बाई हिशेब सांगताना हसल्या, ओशाळून.
मलाही हसू आलं.
कुणाचा आकस नव्हता यात.

शेवटी जुन्याच बँकेत अर्ज टाकला.
पाच हजार नऊशे भरून
दर कमी झाला शून्य पूर्णांक चार.
महिन्याला सहाशे ऐंशी वाचतात.
वैजयंतानं मशीन थांबवून बोटांवर मोजलं:
पहिले नऊ महिने तर
आपलेच पैसे आपल्याला परत.
मग दोरा ओवला आणि मशीन चालू केलं.

काल भट्टी बंद होती.
पट्टी चुकून पिशवीतनं घरी आली होती,
सहज हॉलच्या भिंतीला लावली.
आमच्या पट्टीनं
घर थोडं कमीच भरतं.
दारापर्यंत मोजत गेलो,
मग पोरीनं विचारलं, बाबा काय करताय,
तशी गुंडाळून ठेवली फडक्यात.