पाव गुंज

शिरगुप्पी वकिलांनी रुमालाची गाठ सोडली
आणि काउंटरच्या काचेवर एक किडा ठेवला.
हिरवट दगडाचा. पंख मिटलेले,
चार रेघांत उरकलेले.
"चिनी आहे. मेलेल्याच्या जिभेवर ठेवायचे.
जमिनीखाली राहून पुन्हा वर येणारा किडा, म्हणून."
वर्षभर कोटाच्या खिशात चोळतायत,
अंगाच्या उबेनं मातीचा डाग उजळतो म्हणे.
"भोक पाडा अणवेकर, कडी घाला. नातीला लॉकेट."

भोक नव्हतंच त्याला.
ओवायचा जिन्नस नाही, हाताला लगेच कळलं.

मीही तोच माल विकतो.
शहापुरात अपरात्री शटर वाजतं,
पायरीशी कुणीतरी, पायांत दोन जोड्यांच्या चपला,
कुणी मराठीत मागतं, कुणी कन्नडात,
पाव गुंज.
तोंडात ठेवायला, तुळशीच्या पानाबरोबर.
ह्या एका सौद्यात भाव कुणी विचारत नाही.

मग खातूनबी झारेकरीण
बळ्ळारी नाल्यावर राख धुते,
शुक्रवारी पुडी आणते: मोहरीएवढे काळे मणी.
तेजाबात उजळतात, मुशीत एकमेकांत जातात.
त्यांतून बारशाच्या बाळ्या केल्यात मी,
मंगळसूत्राच्या वाट्या,
एकदा मास्तरांच्या चष्म्याची दांडी सांधली.
सांगितलेलं कुणालाच नाही.

कालिंदी गेली तेव्हा वजन मीच केलं.
काटा ठरेना. पंखा बंद केला तरी ठरेना.
त्या शुक्रवारी खातूनबी आली नाही.
पुढच्या शुक्रवारी आली, पुडी जरा हलकी,
बशीतून चहा प्यायली, गेली.
मी विचारलं नाही.

दगड वितळत नाही, एवढीच अडचण.
किती खिशांतून आला असेल,
किती जणांनी चोळून चोळून आपला म्हटला असेल,
शेपटाकडचा तपकिरी डाग तरी
अजून त्या पहिल्याचाच.

रात्री गिरमिटाला हिऱ्याचं टोक बसवलं.
किडा लाखेत रोवला. पुन्हा काढला, पुसला.
मग, का ते मला सांगता येणार नाही,
जिभेवर ठेवला.
गार. थोड्या वेळानं गारही नाही.
बरोबर मावला.

तेवढ्यात शटर वाजलं.
बाहेर एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला.
"अण्णा, कालु गुंजी."

माझं तोंड भरलेलं.
मान हलवली,
काटा काढला.