पाट्यांचं परीक्षण

शुक्रवारी जेवणं उरकली की मला विचारतात,
सिनेमा कसा होता.
सहाजणांच्या खोलीत माझं मत चालतं,
कारण मी दुकानांच्या पाट्या करतो.
अक्षराशी संबंध आहे म्हणे माणसाचा.

गेल्या महिन्यातला तो:
नायक दुबईला उतरतो, पुढच्याच दृश्यात टॅक्सीत.
मी म्हटलं, रांग कापली.
दाऊद हमदुले म्हणाला, तिकीट काढून रांग कोण बघणार?
तेही खरं. पण डोळ्यांचा फोटो काढताना
चष्मा कुठे ठेवायचा हे न कळलेला माणूस
मग कधी भेटणार त्याला?

कादंबरी मात्र पूर्ण वाचली.
मंडळाच्या कपाटातली, पुठ्ठ्यावर उंट.
लेखक लिहितो, वाळवंटाची अथांग शांतता.
शारजात, आमच्या इंडस्ट्रियल एरियात
शांतता एकदाच झाली, ऑगस्टात, वीज गेली तेव्हा,
आणि सगळी बिल्डिंग ओरडत खाली आली.
समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय: इथे एसी घाला.

मालिकेबद्दल बोलत नाही.
तिच्यातला आखाती काका येतो, अत्तर वाटतो,
हळदीच्या आदल्या दिवशी परत जातो.
दाऊद म्हणतो, काकाचं काम बरं केलंय.

आता हा खेळ.
मुजीबने जुना कन्सोल घेतला, डिलिव्हरीच्या टिपांतून.
बंदूक घेऊन तो एका गावात शिरला.
गाव आमच्याच सारखं: पिवळट भिंती, डिश, टाक्या, शटरं,
शटरांवर पाट्या.
मी म्हटलं, थांब.

अक्षरं सुटी. वर उलट्या बाजूने मांडलेली,
म्हणजे 'दुकान' लिहायचं तर कुणी
न, का, दु असे तीन डबे ओळीने ठेवावेत.

उस्ताद इद्रीस, खार्तूमचे, पहिल्या वर्षी शिकवायचे,
नखात काळा रंग: ही अक्षरं हात धरून चालतात.
अठ्ठावीसांत सहाच अशी, पुढच्याला हात न देणारी.
तेवढी ध्यानात ठेव, बाकी सगळी आपली माणसं.

पुढची दाखव, म्हटलं.
मुजीब पाटीसमोर उभा राहिला आणि मेला.
पुन्हा. औषधाचं दुकान असावं. मेला.
एका दारावर चक्क लिहिलेलं: 'इथे मजकूर'.
वाचता वाचता चारदा मेलो आम्ही.
सगळे आता पलंगांवरून उतरलेले,
कुणी म्हणे गल्लीत बघ, कुणी छपराखाली.
गोळी कुणीच मारेना.

माझं मत असं बनत गेलं:
हे गाव ज्यांनी केलं त्यांनी धूळ नीट पाहिली,
ऊन तर फारच नीट, दुपारी तीनचं, भिंतीला चिकटलेलं.
दार मात्र एकही उघडत नाही.
आत राहायला कुणी नाही, म्हणून नावं कशीही चालतात.
हे बोललो तेव्हा दाऊद टीव्हीकडे न बघताच म्हणाला,
आपल्या बिल्डिंगचं नाव काय रे?
कुणाला माहीत नव्हतं.
मलाही.

मग मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या पिंपापाठी,
एक लहान निळी पाटी.
खय्यात. शिंपी.
ख ने य चा हात धरलेला, य ने अलिफचा,
अलिफने रीतीप्रमाणे पुढे हात दिला नाही
आणि शेवटचा त एकटा, असायला हवा तसा.
हाताने काढलेली. टोकाला ब्रश किंचित घसरलेला.

कुणीतरी होतं म्हणजे त्या कंपनीत,
ज्याला कुणी काही विचारलं नसणार.

पाच तारे, मी म्हटलं.
अख्ख्या खेळाला? मुजीब.
पाटीला.

बंदूक खाली कर.
त्याने केली. उभे राहिलो शिंप्याच्या दारात,
कपडे न्यायला आल्यासारखे,
तो आत मोजपट्टी शोधत असल्यासारखे,
आणि पाठीमागे पावलं वाजू लागली.