डीप

सकाळी सहाला टाकीचं झाकण उघडायचं,
हे माझं काम, अकरा वर्षं.
पितळी कांडी, तिच्यावर बारीक रेघा,
टोकाला बोटभर पेस्ट फासायची
आणि सोडायची खाली, हळू.
तळाला टेकली की आवाज होत नाही,
मनगटात कळतं.

वर ओढून ओली रेघ वाचायची, वाळायच्या आत.
पेस्टचा रंग पालटला तर खाली पाणी आहे.
पूर्वी पाणी तळाला गप पडून असायचं.
आता पेट्रोलात उसाचं स्पिरिट,
संकेश्वरकडच्या मळीचं.
ते पाण्याला बघताच ओळख काढतं,
सासरी माहेरचं माणूस भेटल्यागत,
आणि दोघं मिळून खाली जाऊन बसतात.

माझ्या आधी डीप भरमामामा घ्यायचे.
शेवटी त्यांचं नाक गेलं.
अंबाडीची भाजी करपून काळी झाली
तरी शेजारी बसून विचारायचे,
"झाली काय गं?"

पंप कोगनोळी नाक्याच्या अलीकडं.
बोर्डावर दोन भाषा, एक बाण:
कर्नाटकातलं शेवटचं डिझेल.
कागलकडचे टेम्पो टाकी कोरडी करून येतात
तीन-साडेतीन रुपयांसाठी.
सीमेवरून लोक काय काय भांडतात,
बसगोंडा अण्णा एवढंच म्हणतात,
"रेघ हाय म्हणून भाकरी हाय."
बोर्डाची एक ट्यूब गेलीय.
रात्री 'कर्नाटकातलं' दिसत नाही,
तेवढं 'शेवटचं डिझेल' वाचता येतं.

हवा भरायच्या कोपऱ्यात
अण्णांनी यंदा चार्जिंगचा खांब बसवला.
त्याला वास नाही, खोली नाही.
कांडी सोडायची कुठं?
खांबाचा दर काय लावायचा म्हणून
अण्णांनी नाक्यापलीकडं फोन केला.
"तेवढाच? बरं बरं."
फोन ठेवून बराच वेळ
ते हायवेकडं बघत बसले.

खांबाला पहिलं गिऱ्हाईक
निपाणीच्या बेकरीचा टेम्पो, पद्मण्णा चौगुल्यांचा.
वायर लावली आणि माणूस बसला पायरीवर.
दहा मिनिटं. वीस.
मग खारी काढली, मला दिली,
थोरलीच्या लग्नाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं.
अकरा वर्षांत इथं कुणी
असं बसलं नव्हतं.
काच खाली, "फुल कर", पैसे, काच वर.

आणि परवा रात्री ट्रेलर आला.
पवनचक्कीचं एक पातं, एकच,
तोंड पंपात आणि शेपूट पार रस्त्यावर,
टोकाला लाल चिंधी.
सौंदत्तीच्या माळावर चाललेलं.
ड्रायव्हर मलिकजान, मुधोळचा.
"चारशे लिटर मार अक्का."
मीटर पळत होता, पातं पडून होतं.
मी म्हटलं, वारा आणायला एवढं डिझेल जातंय?
हसला. "वारा तिथंच हाय की.
त्याला हात न्यायलोय मी."

तो केबिनमध्ये घोरायला लागल्यावर
मी पात्यावर तळवा ठेवला.
गार. आतून पोकळ.
कान लावला तर वारा नव्हता आत,
हायवेच्याच गाड्या होत्या,
लांबून, विहिरीतून बोलल्यागत.

सकाळी ट्रेलर गेलेला.
जमिनीवर डिझेलचे चार थेंब, इंद्रधनुष्यासकट.
मी झाकण उघडलं, कांडी सोडली, ओढली.
रेघ उतरलेली. उतरणारच.
रजिस्टरात लिहिलं:
पाणी, नाही.
टँकर, उद्या, आला तर.

मग कांडी पुसायच्या आधी,
अण्णा आत आहेत बघून,
उगीच धरली उंच, झाकणापासून लांब,
उघड्यावर.
कांडी ओली होती.
एका अंगानं आधी वाळली.